इटालियन डेस्कच्या रेखाताई

रेखाताईंइतकं घाबरट माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलते आहे असं समजू नका, त्या स्वतःच सांगायच्या. सकाळी ऑफिसात येऊन कोट खुंटीला अडकवला की पहिलं वाक्य ठरलेलं असे, "केतकी, आज मला भीती वाटतो." मग कशाची, ते. कधी आमच्या बॉस हेलनने मेलमध्ये 'हाय' न लिहिता थेट मुद्द्याला हात घातला होता म्हणून. कधी लिफ्टमध्ये जळका वास आला म्हणून. कधी आवारातल्या तळ्यावरची बदकं त्यांच्याकडे टक लावून बघत होती म्हणून. "ते मोठं बदक मला ओळखते," असं त्या एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, आणि मी हसले तर दिवसभर रुसल्या.

त्यांचा जन्म लीड्सचा, शाळा-कॉलेज लीड्सचं. इंग्रजी पक्कं यॉर्कशरचं, दर दोन वाक्यांनंतर समोरच्याला 'लव्ह' म्हणणारं. मराठी मात्र आईकडून ऐकून आलेली, आणि तीत लिंगभेद त्यांनी कधी मानला नाही. खुर्ची, भीती, गाडी, सगळ्यांना एकच वागणूक. सुरुवातीला मी त्यांना 'तुम्ही' म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नको ना, मी म्हातारा वाटते." पण त्या अठ्ठावन्नच्या आणि मी चौतिशीची. पुण्याच्या पोरीच्या तोंडून 'तू' निघेना. शेवटी 'रेखाताई' आणि 'तुम्ही' कायम झालं, त्या मला 'तू' म्हणू लागल्या.

युनिव्हर्सिटी लीड्सपासून ट्रेनने अर्ध्या तासावर. नाव सांगत नाही, कारण सांगायची मला अजून भीती वाटते. मी तिथे नवीन कॉम्प्युटर सिस्टिमसाठी लागले होते. प्रत्येक पदवीच्या अटी सिस्टिममध्ये भरायच्या, म्हणजे कोण पास, कोण नापास, कोणाला पुढच्या वर्षाला बसता येईल हे मशीनच सांगेल. त्यासाठी मी एकेका विभागात जाऊन बसायचे आणि लोकांच्या डोक्यातले नियम बाहेर काढायचे. बाकीच्या विभागांनी मला एकेक फाईल दिली. इटालियनने रेखाताई दिल्या.

इथे मुख्य विषयाच्या जोडीला एक दुय्यम विषय घेता येतो, त्याला मायनर म्हणतात. इतिहासाची पदवी घेतलीत आणि सोबत इटालियनचा मायनर पुरा केलात, तर सर्टिफिकेटवर 'हिस्टरी विथ इटालियन' असं छापून येतं. ते शेवटचे दोन शब्द कोणाला मिळणार आणि कोणाला नाही, हे ठरवणाऱ्या अटी रेखाताईंना तोंडपाठ होत्या. दर वर्षी एकतृतीयांश अभ्यास इटालियनचा. तिन्ही वर्षं भाषेचा पेपर सक्तीचा. त्याशिवाय दर वर्षी यादीतला एक विषय, साहित्य, सिनेमा किंवा इतिहास. तोंडी परीक्षा वेगळी पास व्हायची, लेखीतले मार्क तिच्या मदतीला येणार नाहीत. आणि शेवटच्या वर्षाआधी चार आठवडे इटलीत राहून यायचं, आल्यावर त्याचा अहवाल इटालियनमध्ये स्वतः लिहून द्यायचा.

दर वर्षी पहिल्या दिवशी नव्या पोरांसमोर उभं राहून त्या हे म्हणत, आणि इमारतीला आग लागली आहे अशा आवाजात म्हणत. एका वर्षी एक मुलगी रडली होती म्हणे. मी त्यांना विचारलं, "एवढं कशाला घाबरवता पोरांना?" तर म्हणाल्या, "आज मी घाबरवते, मग दोन वर्षांनी ते घाबरत नाही. कोणीतरी घाबरायला पाहिजे ना, केतकी? ते माझा जॉब आहे."

प्रत्येक विद्यार्थ्याचं त्यांच्याकडे एक कार्ड असायचं, पोस्टकार्डाएवढं. त्यावर एकेका अटीपुढे बरोबरची खूण. आमची सिस्टिम सुरू झाली की ही कार्डं जाणार आणि कदाचित त्यांची नोकरीही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी त्यांच्या जागी येणारं मशीन तयार करत होते आणि त्या शेजारी बसून मला सगळं समजावून सांगत होत्या. दुपारी डबा उघडून निम्मा माझ्यापुढे सरकवत होत्या. डब्यात बहुतेक वेळा पास्ता असे आणि त्यावर सुकी लसणाची चटणी.

त्या पास्त्याची गोष्ट लीड्सला एकत्र परतताना ट्रेनमध्ये कळली. रेखाताईंची आई लीड्सच्या हॉस्पिटलात नर्स होती. तिची ड्यूटी असली की रेखाताई आणि त्यांचा धाकटा भाऊ दिलीप शेजारच्या इटालियन बाईंकडे असत. त्या बाईंना इंग्रजी जेमतेम यायचं. त्यामुळे पाढे, देवाची प्रार्थना, पाठीत बसलेला धपाटा, सगळं रेखाताईंना पहिल्यांदा इटालियनमध्ये मिळालं. पुढे त्यांनी तेच शिकून डिग्री घेतली. "मी फार घाबरला ना, की मी इटालियनमध्ये घाबरते," त्या म्हणाल्या.

पण त्यांची सगळ्यात मोठी भीती या कशाचीच नव्हती. म्हातारपणी त्यांच्या आईला विसरायचा आजार झाला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. शेवटच्या वर्षात पन्नास वर्षं बोललेलं इंग्रजी गेलं आणि नुसती मराठी उरली, साताऱ्याकडची, भरभर, रागाची. रेखाताईंना ती अर्धीच कळायची. आई काहीतरी मागते आहे, रडते आहे, आणि काय मागते आहे ते समजत नाही. म्हणून पन्नाशीत त्यांनी आठवड्यातून दोनदा ऑनलाइन मराठीचा क्लास लावला. त्यांची मराठी जरा बरी झाली तोवर आई गेली होती. "तिचं सुरुवात कशी झाली सांगू?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "हॉस्पिटलमध्ये तिने एका पेशंटला चुकीचं सांगितला. आणि तिला आठवतच नाही की ती बोलला." मी विषय बदलून ईराच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, शाळेचं काहीतरी काढलं.

घाबरट म्हणजे मऊ, असा माझा समज होता. तो जूनच्या परीक्षा मंडळाच्या बैठकीत गेला. एका मुलाचं सगळं पास होतं, तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. जेवणाची वेळ झालेली. एक मोठे प्रोफेसर म्हणाले, पोरगा लाजाळू आहे, दोन मार्कांचा तर प्रश्न, द्या सोडून. सगळ्यांनी माना हलवल्या. रेखाताई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातला कागद इतका थरथरत होता की टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मला त्याचा आवाज ऐकू येत होता. "नो," त्या म्हणाल्या. "सॉरी. बट नो." त्याआधीच्या वर्षी दोन मार्कांवरून नापास झालेल्या मुलीचं नाव त्यांनी घेतलं आणि तिला काय सांगायचं, असं विचारलं. मुलगा नापासच राहिला. दुसऱ्या दिवसापासून रेखाताई रोज आपल्या जेवणाच्या सुट्टीत त्याला समोर बसवून इटालियनमध्ये बोलायला लावू लागल्या. फेरपरीक्षेत तो सुटला. प्रोफेसरांची भीती मात्र त्यांनी महिनाभर धरली, कॉरिडॉरमध्ये ते दिसले की त्या बाथरूममध्ये शिरत.

आता माझ्यावर येते. टाळता येत असतं तर टाळलं असतं.

जूनच्या शेवटी निकाल लागले आणि डेस्कसमोर दाराबाहेर जाईल एवढी रांग लागली. सिस्टिमवाल्यांनाही मदतीला बसवलं होतं. दुपारी रेखाताईंना वरच्या मजल्यावर मीटिंगला बोलावलं. विभागांची 'पुनर्रचना' होणार, किती जणांना काढणार याची सगळीकडे कुजबुज चालली होती, तीच मीटिंग. जाताना त्या म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत बस. पण इटालियनचा कोणी आला तर थांबव त्याला. तू उत्तर नको देऊ. प्रॉमिस?"

"हो हो, जा तुम्ही," मी म्हटलं.

आणि जॉश आला. उंच, नाकावर चट्टे असलेला मुलगा, हिस्टरी विथ इटालियन. दुसऱ्या वर्षाचा भाषेचा पेपर गेला होता. फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये, आणि त्याचे इटलीतले चार आठवडेही ऑगस्टमध्येच. तिकीट काढलेलं, राहायची सोय झालेली. इटलीला जाऊ की परीक्षा देऊ? हा पेपर शेवटच्या वर्षासोबत देता नाही का येणार?

त्याच्या मागे तीस मुलं उभी होती. मी तोवर अकरा विभागांचे नियम मशीनमध्ये भरले होते आणि त्या अकराही ठिकाणी एक राहिलेला पेपर पुढे नेता येत होता. आणि पुण्यात शिकलेल्या माणसाला एटीकेटी म्हणजे काय हे कोणी समजावून सांगावं लागत नाही. माझा स्वतःचा मॅथ्स टू एटीकेटीवर सुटलेला. एक विषय राहिला तर राहिला, वर्ष कशाला थांबवायचं, हे माझ्या रक्तातच आहे. मी मोठ्या बहिणीच्या थाटात त्याला म्हटलं, "तू खुशाल इटलीला जा. हा पेपर पुढच्या वर्षी दे." त्याचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. अर्ध्या तासाने रेखाताई खाली आल्या त्या पांढऱ्याफटक पडलेल्या. मीटिंगमध्ये चार जणांना काढणार असं सांगितलं होतं. त्या गडबडीत जॉशचं बोलायचं माझ्या मनातूनच गेलं.

सप्टेंबरच्या मध्यावर सिस्टिमने, म्हणजे मीच भरलेल्या नियमांनी, जॉशला शेवटच्या वर्षाच्या भाषेच्या पेपरला नाव घालू दिलं नाही. तोवर इटालियनचे नियम भरून झाले होते आणि मलाही ठाऊक झालं होतं की भाषेचा पेपर पुढे नेता येत नाही. ऑगस्टमध्ये सुटला नाही तर मायनर रद्द. हा नियम टाइप करताना जॉश मला आठवला होता का? आठवला होता. मी स्वतःला सांगितलं होतं की त्याने बहुतेक परीक्षा दिली असेल.

त्याने दिली नव्हती. तक्रारीच्या फॉर्ममध्ये त्याने लिहिलं होतं की, इटालियन डेस्कवरच्या बाईंनी मला पेपर पुढे नेता येईल असं सांगितलं. इटलीतल्या बोलोन्यात पुढच्या शिक्षणासाठी त्याला जागा मिळाली होती, पण ती मायनर असला तरच.

रेखाताईंनी तो फॉर्म वाचला. परत वाचला. मग त्याचं कार्ड काढलं, उलटसुलट करून पाहिलं. त्यावर काहीच नोंद नव्हती.

"केतकी," त्या म्हणाल्या, "मी असं बोलले का? माझ्या डेस्कवर इटालियनचं उत्तर दुसरं कोणी देत नाही. तू बाजूलाच होतीस त्या दिवशी. मी बोलले?"

आता बघा, माणूस किती भराभर विचार करतो. माझं प्रोबेशन अजून चालू होतं. माझा व्हिसा या नोकरीवर, नवऱ्याचा, समीरचा, माझ्यावर, ईराचा आमच्यावर. नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत. समीरला आठच दिवसांपूर्वी काम लागलं होतं. ईराला शाळेत पहिली मैत्रीण मिळाली होती.

"आठवत नाही हो, रेखाताई," मी म्हटलं. "त्या दिवशी किती गर्दी होती."

मला वाटलं, त्या वैतागतील, पोरगाच चुकला असेल म्हणतील, फॉर्म वर पाठवून मोकळ्या होतील. पण त्या हळूच खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

नियम असा होता की कार्यालयाने चुकीचा सल्ला दिला असेल तर मुलाला उशिरा परीक्षा देता येते, पण सल्ला देणाऱ्याने तसं लिहून दिलं पाहिजे. रेखाताईंनी लिहून दिलं. मला वाचायला दिलं. 'हे बोलल्याचं मला आठवत नाही. परंतु त्या डेस्कवर दुसरं कोणी असा सल्ला देत नाही, त्यामुळे तो मीच दिला असणार.' खाली सही. मी म्हटलं, "बरोबर आहे, इंग्रजी छान झालंय." आजही ते वाक्य मला आठवतं.

जॉश परीक्षेला आला तेव्हा तो मला ओळखेल या भीतीने मी झेरॉक्सच्या खोलीत जाऊन दिवा न लावता उभी राहिले. दार किलकिलं होतं. रेखाताई त्याला म्हणत होत्या, "चूक माझी होती, लव्ह. मला फार वाईट वाटतंय." तो म्हणाला, "काही हरकत नाही." तो मुद्दाम गप्प बसला की त्याला खरंच चेहरा आठवत नव्हता, कोण जाणे. त्याला मायनर हवा होता, तो त्याला मिळाला. पेपर सुटला, बोलोन्याची जागा राहिली.

म्हणजे सगळं मिटलं होतं. घरी समीरही हेच म्हणाला. "त्याचं काम झालं ना? मग आता उकरून काढू नकोस. प्रोबेशन संपू दे." मी मान हलवली. मला हेच ऐकायचं होतं.

पण ऑफिसात एक वेगळीच गोष्ट घडत होती. रेखाताईंनी भीती सांगणं बंद केलं. कोट अडकवायच्या, बसायच्या, काम सुरू. पहिल्या दिवशी मला वाटलं, बरं नसेल. आठवड्याने माझ्या लक्षात आलं की त्या प्रत्येक गोष्ट कागदावर लिहितायत. कोणाला फोन केला, काय सांगितलं, किती वाजता. "हे मी तुला काल बोलले का?" असं दिवसातून चार-पाच वेळा विचारायच्या. ट्रेनमध्ये माझ्याशी बोलायचं सोडून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. एकदा कान देऊन ऐकलं, तर त्या पुढच्या स्टेशनांची नावं म्हणत होत्या. आधी सरळ, मग उलटी. एकही चुकत नव्हतं. तरी त्या परत पहिल्यापासून सुरू करत.

मी शेजारी बसलेली. एक वाक्य बोलले असते तर त्या थांबल्या असत्या. रोज ठरवायचे, आज सांगायचं. मग हेलन समोरून जायची, किंवा फोनवर ईराचा फोटो दिसायचा, आणि मी स्क्रीनकडे वळून कामाला लागायचे. भिणारी माणसं दोन प्रकारची असतात हे मला तेव्हा समजलं. रेखाताई भीत भीत का होईना, उभ्या राहायच्या. मी नुसतीच भ्यायले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या म्हणाल्या, "शुक्रवारी दुपारी मला सर्जरीत जायचं आहे. नर्स मेमरीची टेस्ट घेणार. दिलीप तिकडे लंडनला, इल्फर्डला आहे, त्याला सांगितला तर तो रडेल. तू येशील? मला एकटा जायला..." पुढचा शब्द त्या बोलल्या नाहीत.

मी गेले. सर्जरी म्हणजे त्यांच्या भागातला दवाखाना, वेटिंग रूममध्ये निळ्या खुर्च्या, कोपऱ्यात लहान मुलांची मोडकी खेळणी. रेखाताईंनी चांगला कोट घातला होता आणि लिपस्टिक लावली होती, जणू नर्सवर छाप पाडायची होती. बसल्यावर त्यांनी माझा हात धरला.

"ते काय विचारतात मला माहिती आहे. आईबरोबर मी बसले होते. तारीख, वार, पंतप्रधान कोण, मग एक पत्ता सांगतात आणि पाच मिनिटांनी परत विचारतात. आईने पत्ता म्हणून साताऱ्याचं घर सांगितलं." त्या थोडं थांबल्या. "मी दुसरं काहीतरी म्हणू? माझं डोकं चालतं का ते बघ तू. चुकला तर सांग."

आणि त्या म्हणू लागल्या. पुटपुटत, पण स्वच्छ. दर वर्षी एकतृतीयांश इटालियन. भाषेचा पेपर तिन्ही वर्षं. यादीतला एक विषय, दर वर्षी. यादीतले विषय एकेक करून, बंद पडलेलेसुद्धा, ते कोणत्या वर्षी बंद पडले त्यासकट. तोंडी वेगळी. चार आठवडे. अहवाल. शेजारची एक आजीबाई आमच्याकडे बघायला लागली. रेखाताईंचं तिकडे लक्ष नव्हतं. "दुसऱ्या वर्षाचा भाषेचा पेपर पुढे नेता येत नाही," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांचे डोळे भरून आले. "हे मला माहिती आहे, केतकी. झोपेतून उठवलं तरी मी हे सांगेन. मग मी त्या पोराला उलट कसं सांगितलं? आईसारखंच झालं ना? तोंड बोलतं आणि आत कोणीच नसतं."

"रेखाताई," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "त्याला तुम्ही सांगितलं नाही. मी सांगितलं. तुम्ही वर मीटिंगला होतात आणि मी तुमच्या खुर्चीत होते."



"नक्की?"

"नक्की."

"मी नव्हते?"

"नाही. तुम्ही खोलीतच नव्हतात."

"तू हे मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस ना?"

"नाही हो. शप्पथ. त्याच्या नाकावर चट्टे आहेत, त्याने तिकीट दाखवलं होतं. मी म्हटलं, खुशाल जा. मला आमच्याकडच्यासारखं वाटलं. पेपर पुढे नेता येतो असं."

त्यांनी एक लांब श्वास सोडला, इतका लांब की मी घाबरले. मग हळूच आपला हात माझ्या हातातून काढून घेतला.

"तुला कधीपासून माहिती आहे?"

"तुम्ही विचारलंत तेव्हापासून."

त्यांनी मनात हिशोब केला. "सात आठवडे," त्या म्हणाल्या. बरोबर होतं.

नर्सने दारातून नाव पुकारलं. त्या उठल्या, कोट सारखा केला आणि आत गेल्या. आता टेस्टची गरज नाही, असं मी म्हणणार होते. पण त्यांच्यासमोर काही म्हणायचा हक्क मला राहिला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी मी हेलनला सगळं लिहून दिलं, दोनदा पुसून परत लिहिलं. तिने मला बोलावलं, अर्धा तास बोलली आणि एक ताकीदपत्र माझ्या फाईलला लावलं. बस. नोकरी गेली नाही. व्हिसाला धक्का लागला नाही. ज्या गोष्टीसाठी मी एका बाईला सात आठवडे तिच्याच डोक्याची भीती बाळगायला लावली, ती झालीच नाही, आणि पहिल्याच दिवशी बोलले असते तरी झाली नसती. रेखाताईंनी त्याच सोमवारपासून साठलेली रजा घेतली आणि रजेतूनच निवृत्ती. त्यांचं सामान न्यायला दिलीप आला. मी माफीचं पत्र पाठवलं, मराठीत, सोपे शब्द वापरून. उत्तर आलं नाही. मी वाट बघायचं सोडलं आहे असं समीरला सांगते.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या शुक्रवारीच. अर्ध्या तासाने त्या आतून आल्या आणि माझ्यासमोरून सरळ बाहेर गेल्या. मी मागोमाग धावले. समोरच्या स्टॉपवर बस उभी होती, त्या चढल्या आणि खिडकीशी बसल्या. मी फुटपाथवर, त्यांच्यापासून दोन हातांवर. त्यांनी फोन कानाला लावला. दिलीपलाच असणार. काचेतून ऐकू येत नव्हतं, पण त्या हसत होत्या, बोलता बोलता रडत होत्या, लिपस्टिक गालावर पसरली होती आणि ती तळव्याने पुसत त्या परत हसत होत्या. एवढा मोकळा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मी हात वर केला. त्या नेमक्या माझ्याच दिशेने बघत होत्या, पण मी त्यांना दिसतच नव्हते, आणि तेही मुद्दाम नव्हे. मी तिथे आहे हेच त्या विसरून गेल्या होत्या.